आज काय विशेष?

किल्ट घालून घराबाहेर पडणाऱ्या पुरुषाला स्कॉटलंडमध्ये दोन प्रश्न विचारले जातात. आत काय घातलंय, हा पहिला. तो बहुतेक वेळा शुक्रवारी रात्री येतो. विचारणाऱ्याच्या पोटात दोन-तीन पेग गेलेले असतात आणि हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा करतोय असा त्याचा चेहरा असतो. दुसरा प्रश्न सकाळी येतो, पूर्ण शुद्धीत आणि आपुलकीने: "लग्नाला चाललायस का?" आपल्याकडे एरवी पंजाबी ड्रेसमध्ये येणारी बाई एखाद्या दिवशी साडी नेसून ऑफिसात आली की लिफ्टपासून कँटीनपर्यंत सगळे तिला विचारतात, "आज काय विशेष?" हा तोच प्रश्न.

मी ग्लासगोत सोळा वर्षं राहतोय आणि गेली सहा वर्षं आठवड्यातले तीन-चार दिवस किल्ट घालतो. ऑफिसला, दूध-ब्रेड आणायला, मुलीच्या शाळेत पालकसभेला. विशेष काहीही नसतं. पण "काही नाही, सहजच" हे उत्तर लोकांना पचत नाही. ते थोडा वेळ थांबतात, मी अजून काहीतरी सांगेन म्हणून.

सुरुवात लग्नातच झाली, हे खरं. ऑफिसातल्या एका मित्राने सगळ्या मित्रांसाठी किल्ट भाड्याने घेतले होते. इथे ही नेहमीची पद्धत आहे. दुकानात जाऊन मापं द्यायची, मग किल्ट, जॅकेट, कंबरेला पुढे लटकवायची स्पोरन नावाची चामडी पिशवी, लोकरीचे लांब मोजे, लांब नाड्यांचे बूट, असा सगळा सरंजाम एका पिशवीत मिळतो. शनिवारी लग्न, सोमवारी सगळं परत. बहुसंख्य स्कॉटिश पुरुषांचा किल्टशी संबंध एवढाच येतो: स्वतःचं लग्न, मित्रांची लग्नं, रग्बीचे सामने, जानेवारीत रॉबर्ट बर्न्सच्या नावाने होणारी जेवणावळ. त्यानंतर काही महिन्यांनी मला चॅरिटी शॉपमध्ये जुना किल्ट चाळीस पौंडांना मिळाला. नवा, हाताने शिवलेला घ्यायचा तर कित्येक शे पौंड लागतात. कमरेला बसला, म्हणून घेतला. तो परत करायचा नव्हता, इतकाच फरक. पण त्यामुळे बाकी सगळं बदललं.

आईला व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हे काय नेसलायस रे?" तिने 'नेसलायस' म्हटलं, 'घातलायस' नाही. मराठीत हा भेद पक्का आहे. साडी, धोतर, लुंगी नेसतात. सदरा, पँट, परकर घालतात. जे कापड अंगावर येण्याआधी नुसतं कापड असतं आणि काढल्यावर पुन्हा कापडच होतं, ते नेसायचं. ज्याला शिंप्याने आधीच आकार दिलेला असतो, ते घालायचं. किल्ट शिवलेला असतो, त्याला पट्टे आणि बकलं असतात, तेव्हा व्याकरणाने तो घालायचा. पण आईची जीभ चुकली नव्हती. तिने मागच्या चुण्या बघितल्या आणि जुनं क्रियापद आपोआप आलं.

कारण किल्टही एके काळी नेसायचाच होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून हायलंड्समधले, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातले गेलिक भाषक पुरुष 'फेला मोर' वापरायचे. नावाचा अर्थच मोठं गुंडाळायचं वस्त्र. कित्येक वार लोकरी कापड. त्याच्या निऱ्या करून कमरेला पट्टा आवळायचा. खालचा भाग गुडघ्यापर्यंत, वरचा खांद्यावरून घ्यायचा. पाऊस आला की डोक्यावर, रात्र झाली की पांघरूण. अठराव्या शतकात वरचा भाग गेला आणि 'फेला बेग', म्हणजे छोटा किल्ट आला. शतक संपता संपता मागच्या निऱ्या टाके घालून कायमच्या बसवायला लागले. नेसण्याचं घालणं झालं ते त्या टाक्यांपाशी.

आजच्या उत्तम किल्टला आठ यार्ड कापड लागतं. आपला 'वार' म्हणजे यार्डच, तेव्हा नऊवारीपेक्षा एक वार कमी. माझी बायको त्याला 'आठवारी' म्हणते. पुढचे दोन पदर सपाट, एकावर एक येणारे. सगळ्या निऱ्या मागे. आतल्या पदराचा पट्टा कमरेतल्या चिरेतून बाहेर काढून डाव्या बाजूला बांधायचा, बाहेरच्या पदराचा उजवीकडे. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. बाहेरच्या पदराला जी पिन लावतात ती दोन पदर जोडण्यासाठी नसते. दोन्हींत टोचली तर कापड फाटतं. जाड लोकरीचा किल्ट वजनाला दोनेक किलो भरतो, त्यामुळे वाऱ्याने उडण्याची भीती लोकांना वाटते तितकी नसते. पावसात तर तो पँटपेक्षा सोयीचा. पँटचा ओला पाय दिवसभर पोटरीला चिकटून राहतो, उघडा गुडघा दोन मिनिटांत सुकतो. खिसे नाहीत ही एक अडचण, म्हणून स्पोरन. एडिनबरातले हॉवी निकल्सबी नावाचे किल्टवाले डेनिमचे आणि खिशांचेही किल्ट शिवतात आणि स्वतः रोज किल्टच घालतात. या बाबतीत मी त्यांच्या पंथातला.

खरी गोष्ट शिकायची असते ती बसणं. पँटमधला पुरुष कसाही बसतो. किल्टमध्ये बसताना मागे हात नेऊन निऱ्या खाली सारख्या कराव्या लागतात, नाहीतर उठल्यावर मागे पंखा झालेला असतो. गुडघे जवळ ठेवावे लागतात. स्पोरन मांड्यांच्या मध्ये पडू द्यायचं. त्याचं वजन उपयोगी पडतं. जिना चढताना मागे कोण आहे याचं भान राहतं. बसमध्ये समोरासमोरच्या सीटवर बसायचं टाळलं जातं. मी हे सगळं कौतुकाने बायकोला सांगत होतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग? आम्ही वयाच्या बाराव्या वर्षापासून हेच करतोय."

पुढे एका शुक्रवारी ग्लासगोच्या सेंट्रल स्टेशनबाहेर, लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन निघालेल्या मैत्रिणींच्या टोळक्यातल्या एकीने मागून माझा किल्ट उचलला. सगळ्याजणी हसल्या. आजूबाजूचे पुरुषही हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. काही वर्षांपूर्वी इनव्हर्नेसच्या एका पबमधल्या वेटरांनी याच त्रासाला कंटाळून किल्ट घालणं सोडल्याची बातमी आली होती. तीही लोकांनी हसतच वाचली. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती हसली नाही. कॉलेजात असताना संभाजीनगरच्या एसटी स्टँडवर काय काय व्हायचं ते तिने त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. विषय आधी निघाला नव्हता असं नाही. निघाला तेव्हा मी ऐकून घेतलं होतं, इतकंच.

तर रोज घालण्याची ही एक किंमत. दुसरी वेगळी आहे: तुला हा घालायचा हक्क काय?

गंमत अशी की हे स्कॉटिश माणसं क्वचितच विचारतात. ती "छान दिसतोय" म्हणतात, फार तर "कुठल्या कुळाचं टार्टन?" म्हणून चौकशी करतात. प्रत्येक आडनावाला ठरलेली चौकट असते ही समजूत फार जुनी नाही. ती घट्ट झाली एकोणिसाव्या शतकात, आणि त्याला आधार म्हणून दाखवलेलं एक पुस्तक, १८४२चं 'व्हेस्टिएरियम स्कॉटिकम', बनावट निघालं. आता टार्टनची सरकारी नोंदवही आहे, कुणीही नवं टार्टन नोंदवू शकतं. सिंग टार्टनसुद्धा आहे. स्कॉटलंडच्या सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगायला बंदी घालणाऱ्या १९९५च्या कायद्यात ज्या सवलती आहेत त्यांत 'धार्मिक कारण' आणि 'राष्ट्रीय पोशाखाचा भाग' अशा दोन सवलती शेजारी शेजारी आहेत. शिखाची कृपाण आणि किल्टवाल्याच्या मोज्यातली छोटी सुरी, दोन्ही एकाच कलमाच्या आश्रयाला.

माझ्या किल्टचं टार्टन गडद हिरव्या-निळ्याचं, 'ब्लॅक वॉच'. ते कुणाच्याही कुळाचं नाही म्हणून कुणालाही चालतं असं म्हणतात. पण ते सरकारचं आहे. हायलंड्सवर पहारा ठेवायला ब्रिटिश सरकारने तिथल्याच माणसांच्या तुकड्या उभारल्या, त्यांचं हे कापड. १७४६ साली कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलंडर हरले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली: पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. बंदी १७८२पर्यंत, म्हणजे पस्तीसेक वर्षं टिकली. सूट फक्त सैन्याला. किल्ट घालायचा असेल तर सरकारची बंदूक खांद्यावर घ्यायची, असा तो व्यवहार.

त्या बंदुका पुढे आपल्याकडेही आल्या. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, त्यात ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलंडर पलटणी होत्या. त्या दिवसाबद्दल त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं. माझ्या आजोबांचं गाव असईपासून फार लांब नाही. आणि ग्लासगोत ज्या घोडेस्वाराच्या डोक्यावर लोक वाहतुकीचा नारिंगी शंकू चढवून ठेवतात आणि पर्यटक ज्याचे फोटो काढतात, तो हाच वेलस्ली, नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पुतळ्याच्या चौथऱ्यावर असईची लढाई कोरलेली आहे. मी कधी कधी ब्लॅक वॉचचा किल्ट घालून त्याच्यासमोरून ऑफिसला जातो.

एका वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी हे बरोबर पकडलं. मी कुर्त्याखाली किल्ट घालून गेलो होतो. "साहेबाच्या शिपायाचा पोशाख रे तो," ते म्हणाले. "गणपतीला तरी आपलं काहीतरी नेसावं." त्यांचं म्हणणं मला नाकारता आलं नाही. पण सभागृहाकडे बघत राहिलो. काकांच्या अंगावर सोनेरी काठाचं इलॅस्टिकवालं धोतर होतं, पुढे शिवलेल्या निऱ्या, मागे शिवलेला कासोटा. ऑनलाइन मागवलेलं. घालायचं, नेसायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर्षभरासाठी बॅगेत जाणार होतं. सगळ्यांचंच जाणार होतं.

किल्टच्या इतिहासात याची जोडी सापडते. १८२२च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी कुणी राज्यकर्ता राजा स्कॉटलंडमध्ये पाऊल ठेवत होता. समारंभ वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने आखला. ज्यांच्या बापजाद्यांनी हायलंडरांना रानटी म्हणून हिणवलं होतं त्या शहरी लोकांनी किल्ट शिवून घेतले, आणि राजा स्वतः गुलाबी घट्ट विजारीवर किल्ट घालून मिरवला. त्याच काळात डोंगरातले जमीनदार मेंढ्यांना कुरणं हवीत म्हणून कुळांना घराबाहेर काढत होते. ग्लेनगॅरीचा मॅकडोनेल हा त्यांपैकी एक. खरे हायलंडर म्हणवणाऱ्यांची संस्था त्यानेच काढली होती आणि पूर्ण पोशाखातलं त्याचं भव्य चित्र रेबर्नने रंगवलंय. वस्त्र दिवाणखान्यात आलं आणि ते रोज नेसणारी माणसं बोटीत बसून कॅनडाला गेली. ऑफिसातली माझी एक सहकारी लुईस बेटावरची. तिचे वडील अस्सल गेलिक बोलणारे, आयुष्यभर मेंढ्या आणि मासे केलेले. त्यांनी कधी किल्ट घातला नाही. तिच्या लग्नात आम्ही सगळे किल्टमध्ये होतो आणि ते राखाडी सुटात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तो जमीनदारांचा असतो."

ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ साली दाखवून दिलं की हायलंडची बरीचशी परंपरा नंतर रचलेली आहे. छोटा किल्टसुद्धा रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंडवाल्याने काढला, असं त्याचं म्हणणं. त्यावर बरेच वाद झाले. मला त्यात फारसा रस उरलेला नाही. वस्त्र कुणी काढलं यापेक्षा ते कुणाच्या अंगावर, कोणत्या वारी आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. बंदीने किल्ट मेला नाही. समारंभाने त्याला जो मान दिला, त्याने तो रोजच्या जगण्यातून बाहेर काढला.

धोतरावर कुणी बंदी घातली नव्हती. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. रोज पांढरं धोतर, सदरा, टोपी. संध्याकाळी ते स्वतःच धुवायचे, पिळून दोन टोकं धरून झटकायचे, त्याचा आवाज शेजारच्या वाड्यात जायचा. माझ्या ताईचं लग्न २००४ साली झालं. फोटोग्राफरच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्या पुरुषांसाठी एकसारखी रेडीमेड धोतरं आणि फेटे आणले होते. आजोबा त्यांच्या नेहमीच्या धोतरात आले. धुतलेलं, कडक, पण नेहमीचं. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, तुम्हीपण ते घाला ना, सगळे सेम दिसतील." आजोबांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. "मग हे काय आहे?" फोटोग्राफर म्हणाला, "ते साधं आहे हो."

बाबांनी त्यांना आत नेलं. आजोबांनी नेसलेलं धोतर सोडलं नाही, त्याच्यावरच ते सोनेरी काठाचं इलॅस्टिकवालं चढवलं आणि बाहेर येऊन फोटोला उभे राहिले. अल्बममध्ये ते कमरेखाली उगाच जाडजूड दिसतात. घरात तो फोटो बघून सगळे हसतात, आजोबाही हसायचे. त्या अख्ख्या मांडवात धोतर नेसलेला माणूस एकच होता आणि फोटोत त्याचं धोतर दिसत नाही.

म्हणून मला काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं ते असं: काका, आपलं ते सणापुरतंच उरलंय, आणि यांचंही तसंच होतं. दोन्हींपैकी एकाला मी मंगळवारी बाहेर काढू शकलो. इथे किल्टमध्ये बघून लोक "आज काय विशेष?" विचारतात, धोतरात बघितलं तर "कुठून आलास?" विचारतील. पहिल्या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर कधीतरी पुरतं. माझ्या बसचा ड्रायव्हर तीन वर्षांपूर्वी रोज काहीतरी बोलायचा, आता मान हलवून पुढचा प्रवासी बघतो. वस्त्राला याहून मोठा मान मिळू शकतो असं मला वाटत नाही. दुसऱ्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरत नाही.

आणि मला धोतर नेसता येत नाही. बाबांनाही येत नव्हतं. आजोबांना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना ते शिकवण्यासारखं काही वाटत नव्हतं, आम्हाला शिकण्यासारखं.

गेल्या जानेवारीत गावी गेलो तेव्हा तालुक्याच्या बाजारात कापडाच्या जुन्या दुकानात शिरलो. धोतर दाखवा म्हटल्यावर दुकानदाराने काउंटरवर रेशमी काठाची, मोती लावलेली, पाकीटबंद धोतरं मांडली.

"लगीन कोणाचंय?"

"कोणाचंच नाही. रोजचं पाहिजे. नेसायचं."

त्याने माझ्याकडे, मग माझ्या जीन्सकडे बघितलं. पाकिटं बाजूला सारली, स्टूल घेतलं आणि सगळ्यात वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा काढला. फुंकर मारून धूळ उडवली.

"मग हे जाड घ्या," तो म्हणाला. "रोजच्याला हेच टिकतं. कासोटा घट्ट खोचा, बाकी दोन-चार दिवसांत जमतंय."